तुम्ही थांबवून ठेवलेल्या पॅकेजविषयी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे. सगळे म्हणायची सवय आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. हे पत्र संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. मामी तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही लिहिल्या आहेत. मधे मधे त्यांना दुरुस्त करू नका.

आईचं डोळ्याचं ऑपरेशन या गुरुवारी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या चार वर्षांत मी तिला सात वेळा ‘येतो’ म्हणालो आणि दोनदा गेलो. या वेळी ‘नक्की येतो’ म्हणालो तर ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. ते ‘बरं’ ऐकून मी फोन ठेवला आणि रजेचा अर्ज लिहिला. आमच्या साहेबांनी (प्रयोगशाळेचे प्रमुख, माझ्या जागी तुम्ही होतात तेव्हा ते सूक्ष्मदर्शकावर बसत) अर्ज वाचला आणि म्हणाले, आधी सर्व्हरची अपडेट्स सुखरूप पार पडू देत, मग बघू. अपडेट्स दीड वर्ष तुंबली होती. तुंबली होती ती तुमच्यामुळे, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

मामींसाठी सांगतो. रक्त द्यायला आलेल्याचं नाव, नळीवरचं लेबल, तपासणीचा अहवाल, सगळं एका मशीनवर चालतं, तोच सर्व्हर. त्या मशीनमधला प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो, आणि प्रत्येक पॅकेजच्या अधूनमधून नव्या आवृत्त्या येतात. त्या घेतल्या नाहीत तर चोरांना दार उघडं राहतं. घेतल्या तर काय बंद पडेल ते सांगता येत नाही. मामांनी नऊ वर्षांपूर्वी छपाईचं पॅकेज थांबवून ठेवलं, म्हणजे त्याची नवी आवृत्ती कधीच येणार नाही अशी व्यवस्था केली, आणि वहीत लिहिलं: ‘याला हात लावू नये.’ कारण लिहिलं नाही. त्या पॅकेजवर दुसरी अकरा अवलंबून आहेत, ती अडली. त्यांच्यामुळे आणखी अडली, आणि दीड वर्षापूर्वी सगळीच. मी चार वर्षं हात लावला नाही. हे आज्ञापालन नव्हतं, भीती होती.

या वेळी मात्र सगळं रीतसर करायचं ठरवलं. बॅकअप घेतला. नुसता घेतला नाही, परत उतरवून पाहिला. (तुमच्या काळातले सात बॅकअप मी उघडून पाहिले आहेत. त्यांच्याविषयी भेटीत बोलू.) सोमवारी खऱ्या मशीनची हुबेहूब प्रत दुसऱ्या, तशाच काळ्या मशीनवर केली. इतकी हुबेहूब की मशीनचं नावसुद्धा तेच ठेवलं. याचा मला तेव्हा अभिमान वाटला. गोंधळ नको म्हणून दोघींवर कागद चिकटवले: ‘खरी’ आणि ‘चाचणी’. आधी चाचणीवर सगळं करून बघायचं, जगली तर रविवारी दुपारी, सकाळचं काम उरकून प्रयोगशाळा बंद झाल्यावर, खरीवर.

मंगळवारी रंगारी आला. ओल आली होती म्हणून ती खोली रंगवायचं आधीच ठरलं होतं. रंगारी फार नीटनेटका माणूस. कागदांवर रंग उडू नये म्हणून त्याने ते काढून खिशात ठेवले, मशीन झाकल्या, भिंती रंगवल्या आणि कागद परत चिकटवले. मी चिकटवले होते त्याहून सरळ.

बुधवारपासून मी ‘चाचणी’चे हाल सुरू केले. तुम्ही थांबवलेलं पॅकेज मोकळं केलं. एकेक अपडेट घातलं. ते अर्ध्यावर असताना मुद्दाम विजेची वायर उपटली, कारण वीज गेली तर काय होतं ते कळायला हवं. बाहेरून, पेशंटची नावं घेणाऱ्या खिडकीवरच्या बाई ओरडल्या, ‘अहो, सगळं गेलं!’ मी म्हणालो, तुमचा कॉम्प्युटर बंद करून चालू करा. त्यांनी केला. तेवढ्यात माझी मशीन उठली होती, त्यांचंही चालू झालं. मला समाधान वाटलं. गुरुवारी दुसऱ्यांदा वायर उपटली, त्या दुसऱ्यांदा ओरडल्या. शुक्रवारी तिसऱ्यांदा उपटली तेव्हा त्या आत येऊन म्हणाल्या, ‘तुम्ही काही करताय का?’ मी शांतपणे समजावलं, की मी करतोय ते चाचणीच्या मशीनवर, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही हात लावला की बंद पडतं, एवढं मला कळतं.’ मी मनात म्हणालो, यांना कार्यकारणभाव कुणी शिकवला नाही. (मागे वाकून पाहिलं असतं तर नेटवर्कची वायर कोणत्या मशीनला आहे ते दिसलं असतं. कंबर धरल्यापासून मी वाकत नाही.)

रविवारी साहेब स्वतः आले, खुर्ची घेऊन बसले. मी ‘खरी’वर अपडेट्स घातली. पहिल्या झटक्यात, एकही चूक नाही. साहेब म्हणाले, छान, आता कालचे पेशंट दाखवा. यादी उघडली. शेवटचं नाव सोमवारचं होतं.

साहेब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘मंगळवारपासून गावात कुणी आजारीच पडलं नाही का हो?’

सहा दिवसांचं रक्त, मामा. मी गुडघ्यांवर बसलो. तो शरणागतीचा प्रकार होता, पण बसल्यामुळे मागची नेटवर्कची वायर दिसली. ती ‘चाचणी’ला जात होती; रंगाऱ्याने कागदांची अदलाबदल केली होती. ‘चाचणी’चा पडदा लावला. सहाही दिवसांचे पेशंट तिथे होते, ओळीने, एकही कमी नाही. तीनदा वायर उपटूनही ती बाई (मशीन, खिडकीवरच्या नव्हेत) उभी होती आणि बुधवारपासून नव्या पॅकेजांवर चालत होती. मी म्हणालो, साहेब, आज केली ती चाचणीची. खरी ही. हिचं काम झालेलं आहे. ते म्हणाले, ‘म्हणजे ठरल्या वेळेच्या आधीच?’ मी हो म्हणालो. घरी जाईपर्यंत मी त्या ‘हो’मध्ये खोटं शोधत होतो. सापडलं नाही, पण बरंही वाटलं नाही. रजेवर सही झाली.

सोमवारी सकाळी रक्त काढणाऱ्या सिस्टरांनी विचारलं, लेबलं अशीच राहणार का? कशी? तर उलटी. बुधवारपासून उलटी छापून येत होती. मग सांगितलं का नाही? ‘मला वाटलं वरून नवा नियम आला असेल. मी नळीच उलटी धरून चिकटवते, आता सवय झाली.’ लेबलावरच्या रेषा वाचणाऱ्या यंत्राला उलटसुलट सारखंच, त्यामुळे कुणाचं रक्त कुणाच्या नावावर गेलं नाही. बुधवारपासूनची प्रत्येक नळी मी स्वतः ताडून पाहिली. हे साहेबांनाही सांगितलं, वायरींसकट. तर असं आहे. तुम्ही ते पॅकेज का थांबवलं होतं ते मला समजलं. ‘नव्या आवृत्तीत लेबलं उलटी’, हे चार शब्द वहीत मावले असते, एवढंच म्हणतो. माझा राग नाही. रागवायला जी ताकद लागते ती सध्या नाही.

मामींना नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुमचा भाचा

ता. क. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सही खोडली नाही, पण खाली एक ओळ लिहिली: ‘मशीनची माहिती असलेला माणूस रजेच्या काळात हजर राहील या अटीवर.’ अशी माणसं जगात दोन आहेत. गुरुवारी सकाळच्या बसने या. खोलीत पंखा आहे, खुर्ची बरी आहे. नुसतं बसायचं. काहीही करायचं नाही.

ता. क. २. मशीनजवळ मी बसावं आणि आईजवळ तुम्ही जावं, असं सुचवू नका. मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘त्याला पाठवू नकोस, तो डॉक्टरला डोळा शिकवत बसेल.’

ता. क. ३. पाकीट बंद करताना आईचा फोन आला. डॉक्टरांकडची एक वेळ रिकामी झाली म्हणून ती कालच शेजारच्या काकूंबरोबर जाऊन ऑपरेशन करून आली. कळवलं का नाही म्हणालो, तर म्हणाली, ‘तू कामात असशील.’ चांगलं दिसतंय, म्हणाली. भिंतींना रंग द्यायला झालाय, हे तिला आजच दिसलं.

तरीही तुम्ही गुरुवारी या. मी जातोच आहे. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात, आणि तिला ते एकटीने घालता येत नाहीत. हे मी तिला विचारलेलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका.