टीव्हीतला निळा

आबा,

तुमचा टीव्ही पिवळा पडला आहे. बंद पडलेला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की मी वापरून वापरून त्याची वाट लावली. बटण दाबलं की अजून तसाच टक् आवाज होतो, थोड्या वेळाने काच तशीच तापते. पण बातम्या देणाऱ्याचा पांढरा सदरा आता हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा दिसतो आणि आकाश दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. तुमची नात रोज मागे लागते, "मम्मी, टीवी पीळुं पडी गयुं छे, हवे काढो ने." तिला अहिराणी सगळी कळते, पण तोंडातून गुजरातीच निघते. मागच्या आठवड्यात कतारगामहून एक म्हातारा मेकॅनिक बोलावला. त्याने मागचं झाकण उघडलं, धूळ फुंकली आणि म्हणाला, "बहन, ब्लू गया है. प्लाझ्मा में पहले ब्लू ही जाता है. बाकी सेट तो घोडे जैसा है." मग झाकण लावता लावता त्याने सहज विचारलं, कधी कुणी निळा खूप चढवून चालवला होता का? मी म्हटलं, नाही. बघा आबा, अजून माझी सवय गेलेली नाही.

मी इच्छापोरच्या कंपनीत पर्मनंट झाले तेव्हा तुम्हाला टीव्ही घेऊन द्यायचा हट्ट माझा होता. तुम्ही आधी नाहीच म्हणालात, मग म्हणालात, घ्यायचाच असेल तर मी पाहून घेईन. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. दुकानात सगळे पातळ, चकचकीत एलईडी भिंतीला लावलेले. माझा त्यातला एक ठरलेला होता. तुम्ही शर्टाच्या खिशातून काळ्या कापडाचं कटिंग काढलंत, तेच, मिलमध्ये नमुन्याला ठेवतात तसं चार बोटांचं, आणि विकणाऱ्याला म्हणालात, "भाई, एकदम काळुं बतावो ने." तो हसला. "काका, टीवी लेने आए हो या साडी?" तुम्ही हसला नाहीत. काळोखाचा सीन लावायला सांगून तुम्ही एकेका पडद्याला कटिंग टेकवत गेलात. एलईडीवर टेकवलंत, कापडापुढे पडद्याचा काळा राखाडी दिसला, आणि तुम्ही मला म्हणालात, "हाऊ धुयेल काया शे." कोपऱ्यात एक जाडजूड प्लाझ्मा उभा होता, कुणी विचारत नव्हतं त्याला. त्याच्यावर कटिंग ठेवलंत तर कापडाची कडच दिसेना. "हाऊ दख. हाऊ काया." त्या विकणाऱ्यालाही तो खपवायचा नव्हता बहुतेक, कारण तो म्हणाला, "काका, प्लाझ्मामां गॅस आवे. गॅस पूरो तो टीव्ही पूरो." मी तेच धरून बसले. तीन वर्षांत भंगारात जाईल, घर तापेल, मागाहून मला बोलू नका. तुम्ही त्याला एकच विचारलंत, हा काळा असाच राहील का. तो म्हणाला, उतरेल हळूहळू, पण तुम्हाला कळणार नाही. रिक्षात तुम्ही मला समजावलंत, हळूहळू उतरलेला रंग कुणालाच कळत नाही, म्हणून तर कटिंग जपून ठेवायचं असतं. मी तोंड फिरवून बसले होते. गॅस काही संपला नाही, आबा. तुम्ही गेलात, माय गेली, गॅस आहे तिथेच आहे.

तुमचं ते कलर किचन मला शाळेपासून माहीत आहे. मिलमध्ये जिथे रंग कालवतात त्या खोलीला किचन म्हणतात याचं मला लहानपणी फार हसू यायचं, कारण घरच्या किचनमध्ये तुम्ही कधी पातेलंसुद्धा हलवलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन यायची आणि तुम्ही मला आत न्यायचात. पिंप, वाफ, उग्र वास, आणि खिडकीजवळ तुमचं, रंगमास्तरांचं टेबल. एकदा तुम्ही माझ्यापुढे गुलाबी कापडाचे दोन तुकडे ठेवलेत आणि विचारलंत, एकच आहे का? मला एक जरा जांभळट दिसत होता. पण ते दोन्ही तुम्ही स्वतः रंगवले होते, तुम्ही थकलेले होतात, आणि मला तुम्हाला खूश करायचं होतं. मी म्हटलं, एकच आहे. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवत नसायचात, त्या दिवशी चढवलात. "मन राखाले नको सांगू. दिसस ते सांग." मी रडत नवागामच्या घरापर्यंत चालत आले. मायने विचारलं तर रंगाच्या वासाने डोळे चुरचुरतात म्हणून सांगितलं. आज कंपनीत माझं काम तेच आहे, माल तपासायचा आणि दिसेल ते सांगायचं. खराब तुकड्यावर लाल स्टिकर लावताना माझा हात कधी अडत नाही. बाहेर माझी ख्याती अशी आहे की ही बाई कुणाचं ऐकत नाही.

टीव्ही आला आणि तुम्ही त्याचे मालक कमी, मास्तर जास्त झालात. बातम्यांची पट्टी एका जागी राहिली तर काचेवर तिचा डाग बसतो असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून घरात कुणालाच एक चॅनल धड बघता येईना. मालिकेत लग्न लागत असायचं, माय पदर डोळ्यांना लावून बसलेली, आणि तुम्ही म्हणायचात, हा लाल आमच्याकडे आला असता तर परत पाठवला असता. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे कंपनीच्या बसमधून उतरले की मी आधी तुमच्याकडे टेकायची आणि मग घरी जायची. त्या वर्षी, थंडी सरत होती तेव्हा, तुम्ही टीव्हीवर कुरकुर करायला लागलात. निळा उतरला, पांढरा मळला, चित्र पिवळं दिसतं. मला तर चित्र पहिल्या दिवसासारखंच दिसत होतं. मी मायकडे पाहिलं, मायने माझ्याकडे पाहिलं. मग मला आठवलं की तुम्ही मोजे घालताना निळा आणि काळा यात घोटाळा केला होता आणि आम्ही दोघी हसलो होतो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, तुम्ही मला जवळ बसवलंत. माय पाण्याला गेली होती. तुम्ही आवाज लहान करून विचारलंत, "टीव्ही गया का मना डोया गयात? खरं सांग." आबा, तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तुमच्या जोडीच्या मास्तरांची नजर गेली तेव्हा त्यांना गोदामात बसवलं होतं, आणि ते रोज जेवायच्या सुट्टीत कलर किचनच्या दारात येऊन उभे राहायचे, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. मला ते दार दिसलं. मी म्हटलं, "टीव्हीच गया, आबा. त्या दुकानवाल्यानी सांगं व्हतं ना." तुमच्या अंगातून भीती उतरलेली मी पाहिली. तुम्ही माझं ऐकलंत, कारण रंग बघायला तुम्हीच मला शिकवलं होतं. आणि मग मी काय केलं, तर तुम्ही अंघोळीला गेल्यावर रिमोट घेतला, चित्राच्या सेटिंगमध्ये गेले आणि निळा शेवटपर्यंत चढवला. तुम्ही बाहेर आलात, पाहिलंत आणि म्हणालात, आता बरं आहे, दुरुस्त केलंस का? मी हो म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या मालिकांमधल्या सासवा-सुना निळ्या झाल्या. चार दिवसांनी माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "बठासना तोंडे निया दिसतस." मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुना बापले बरं दिसस ना? मंग राहू दे." जिला नटीच्या साडीचा काठ पाहिल्याशिवाय घास जायचा नाही, ती बाई दहा महिने निळी माणसं बघत बसली आणि चकार शब्द बोलली नाही.

तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी मनात म्हणायची, सुट्टी मिळाली की नेईन, पावसाळा संपला की नेईन. पण न्यायचं म्हणजे होळीला खोटं बोलले हे सांगावं लागणार होतं. गणपती उठले आणि तो आसमानी लॉट परत आला. अर्ध्या साड्या एका शेडच्या, अर्ध्या दुसऱ्या, आणि दोन्हींवर पास म्हणून तुमची सही. तुम्ही म्हणालात पाणी बदललं होतं, मग म्हणालात ट्यूबलाइट नवी होती. शेठ वाईट बोलले नाहीत, उलट मास्तर, आता आराम करा, असं म्हणून त्यांनी तुम्हाला घडी खात्यात बसवलं. तुम्ही घरी येऊन नेहमीसारखे जेवलात. कलर किचनचा तुमचा डाग पडलेला कोट मायने धुवायला मागितला तेव्हा म्हणालात, आता राहू दे. इतकी वर्षं डोळ्याच्या जोरावर काढलेला माणूस साड्यांच्या घड्या मोजायला बसला. आणि ते टळलं असतं. होळीला मी दिसलं ते सांगितलं असतं तर पावसाळ्याच्या आत तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं असतं आणि तो लॉट तुम्ही स्वतः परत फिरवला असता.

दिवाळीनंतर मिलमध्ये डोळे तपासायचं शिबिर आलं आणि दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. आम्ही सगळ्यांनी अरे अरे केलं. मीही केलं. पौषात लागोपाठ दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं की काही दिवस सगळं जरा निळसर दिसेल, घाबरू नका. त्या धावपळीत मी टीव्हीचा निळा खाली आणायला विसरले. तुम्ही घरी आलात, खुर्चीत बसलात, हौसेने टीव्ही लावलात. पडद्यावर एक निळा माणूस हवामान सांगत होता. मी घाईघाईने म्हटलं, डॉक्टर बोलले होते ना, निळं दिसेल. तुम्ही उठलात, बिस्किटाच्या डब्यातून पांढरं कटिंग काढलंत आणि पडद्यावरच्या त्याच्या सदऱ्याला टेकवलंत. कापड पांढरं होतं, सदरा निळा होता. तुमचा डोळा परत आला होता, आबा, आणि त्याने पहिलं मलाच पकडलं. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "कितला निया टाका?" मी म्हटलं, शेवटपर्यंत. मग तुम्ही विचारलंत, "कव्हयपासून?" आत माय भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. "औंदाना दिवाईपासून," मी म्हटलं. म्हणजे लॉट परत आल्याच्या नंतरपासून. तुम्ही "बरं" म्हणालात आणि रिमोट मागितलात. दुपारभर डबा मांडीवर घेऊन, एकेक कटिंग लावून तुम्ही चित्र जागेवर आणलंत. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही सांगायचात, "डोया गया व्हतात, पन घरमा कोणले समजनं नही." हे सांगताना तुम्ही टीव्हीकडे बघायचात. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं, की मला वाचवत होतात, हे मला आजही ठरवता येत नाही. मायला विचारायचं राहून गेलं. आता होळीची गोष्ट ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे.

परवाच्या रविवारी तुमच्या नातीला घेऊन नवा टीव्ही पाहायला गेले. आता एक प्रकार निघाला आहे, त्यात काळा तुमच्या टीव्हीसारखा येतो म्हणतात. मी पर्समधून तुमचं तेच कटिंग काढलं. नात लाजून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली, मी एके काळी तुमच्यापासून उभी राहिले होते तशीच. कटिंग पडद्याला लावलं तर त्याची कड स्वच्छ दिसली. मला वाटलं टीव्ही कमी पडला. मग खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं, तर कटिंगच विटलं होतं, काळ्याचं तपकिरी झालं होतं. टीव्ही चांगला होता. बुधवारी येईल, आणि भंगारवाला तुमचा घेऊन जाईल. म्हणून आज दुपारी, नात क्लासला गेल्यावर, मी तुमच्या टीव्हीपुढे एकटी बसले. मालिकेत दोघी बहिणी भांडत होत्या. एकीची साडी आसमानी आणि एकीची मोतिया असावी, पण कुठली कुणाची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी डोळे चोळले, पुढे सरकून बसले, तरी कळलं नाही. तुम्ही मला विचारलंत त्या सकाळी तुम्हाला हे दिसत होतं. मला फार रडू आलं, आणि या वेळी कुणाला कारण सांगायचं नव्हतं.

हे पत्र तुमच्या बिस्किटाच्या डब्यात, कटिंगांच्या खाली ठेवणार आहे. वर मी होळी लिहिलं आहे, ते खरं आहे. पण हे पत्र मी दोनदा लिहिलं, आबा. पहिल्या वेळी, तुम्ही वाचणार नाही हे माहीत असूनही, मी दिवाळीच लिहिलं होतं.