गुडघा माझा होता

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मला आज तुमच्याशी भांडायचंय.

आपलं मराठी राज्य नवं नवं झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मेहकरला कुस्त्यांच्या दंगलीत माझा उजवा गुडघा पिळला गेला आणि अकोल्याला ऑपरेशन झालं. मी खाटेवर पडून होतो. तुम्ही बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांशी बराच वेळ बोलत होतात. घरी आल्यावर आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणता, "डाक्टर नाई म्हनते. कुस्ती आता इसरून जाय." मी विचारलं, कधीच नाही का? तुम्ही उठून हात धुतलेत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाट्याचं दूध चहाच्या हॉटेलात जायला लागलं. पुढं देऊळगाव राजाच्या जत्रेतून तुम्ही माझ्यासाठी काठी आणलीत. बाविशीतल्या पैलवानाला काठी! ती टेकत मी मळ्यातली वांगी बाजारात न्यायचो आणि लोक हळहळायचे. तालमीवरून जाणारा रस्ता मी सोडूनच दिला.

गेल्या महिन्यात आईला त्याच डॉक्टरांकडे नेलं. आता म्हातारे झालेत. जुन्या ऑपरेशनचं सांगितल्यावर त्यांना आठवलं. म्हणाले, "मग, आखाड्यात परत कधी उतरलास?" मला काही कळेना. तेव्हा ते म्हणाले, "वडिलांना सांगितलं होतं मी. वर्षभर घाई नको, मेहनत हळूहळू वाढवा, मग सरावाची हलकी पकड करून बघा. पहिल्यासारखा होशीलच असं नव्हतं, पण बघायला हरकत नव्हती."

काऊन केलं बाबा तुम्ही असं? थोरल्या काकांची मान आखाड्यात मोडली, तुम्हीच त्यांना उचलून घरी आणलं, हे मला ठाऊक आहे. तुम्ही भ्यालात. मग तसं सांगायचं होतं. मी भांडलो असतो, कदाचित ऐकलंही असतं. पण तुम्ही डॉक्टरांच्या नावावर खोटं खपवलंत. कदाचित पहिल्याच पकडीत मी चीतपट झालो असतो. ते हरणंसुद्धा माझं होतं, तुमचं नव्हतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी आईला बसमध्ये बसवून मी स्टँडच्या मागं गेलो, धोतर खोचलं आणि बैठका मारल्या. गुडघा जराही कुरकुरला नाही. दुखला असता तर बरं झालं असतं.