चारशे अठरावं नाव

३ जून, सोमवार

नवी नोकरी, नवी रोजनिशी. माझ्या रिवाजाप्रमाणे पहिल्या पानावर माझ्या हातच्या वस्तू: जेवणाचं टेबल (बावीस वर्षं झाली, चारही पाय अजून जमिनीला टेकतात), भंगारातल्या सुट्या भागांतून उभा केलेला पहिला संगणक, घरातलं सगळं वायरिंग, धाकटीची तीनचाकी. शिवाय कॉलेजचं तोंड न पाहता शिकलेलं प्रोग्रामिंग.

केंद्रात स्वागत झकास झालं. खिडकीजवळचं टेबल मिळालं, समोर शहराला पाणी पुरवणाऱ्या दोन टाक्या. सगळे पंप एका प्रोग्रामवर चालतात. तो ज्याने लिहिला तो प्रोग्रामर गेल्या वर्षी वारला. साहेब म्हणाले, त्या बाबाने आतली झाडून सगळी नावं आपल्या भाषेत, आपल्याच लिपीत ठेवलीत, बाहेरच्या कंपनीला ओ की ठो कळत नाही. ती पुसून इंग्रजी नावं घाला, एवढंच काम. मी म्हटलं, एकवीस तारखेला घ्या.

६ जून, गुरुवार

प्रोग्राम अथपासून इतिपर्यंत वाचला. माणूस पक्का होता, हे कबूल. मोठी टाकी ‘थोरली’, छोटी ‘धाकटी’. आमच्या दोघी मुलींना घरात याच हाका. ‘पाणी’, ‘टाकी’ ही साधी नावं तशीच, आणि शहराची मागणी म्हणजे ‘तहान’. नुसतं वाट बघत बसणारा भाग ‘कंटाळा’, आणि धोक्याचा भोंगा ‘सासूबाई’, कारण तो विनाकारण ओरडतो. एकटाच हसलो.

पण काम ते काम. नावं मोजली: चारशे सतरा. एका अक्षराच्या नावाला मी नाव म्हणत नाही. तसला केर शेवटी काढायला वेगळा छोटा प्रोग्राम, ‘झाडू’, लिहून ठेवलाय, एकवीस तारखेला दुपारी बाराला आपोआप फिरेल. मधे कुणी लुडबुड करू नये म्हणून त्याला कुलूप घातलंय. थांबवायचा तर परवलीचा शब्द लागेल. तो फक्त मला ठाऊक: ‘धाकटी’.

१० जून, सोमवार

त्या प्रोग्रामरची बायको केंद्रात आली. म्हणाली, भाऊ, नावं राहू द्या. वीस वर्षं एकेक शोधून ठेवलीत त्यांनी. तुमच्या साहेबांनी भरल्या ऑफिसात ‘ही काय बालवाडी मांडलीय’ म्हणून त्यांना घरी बसवलं, तीन महिन्यांत गेले. जाताना एवढंच म्हणाले, जो माझी नावं पुसेल, त्याची मी पुसेन.

मग पाकीट पुढे केलं. नावामागे शंभर. मोजून पाहिलं तर एका नावाचे जास्त. म्हटलं, वहिनी, हिशेब चुकला. त्या म्हणाल्या, माझा नाही.

पाकीट परत केलं. मी विकला जाणारा माणूस नाही. वर जुन्या नावांची छापील यादी त्यांच्या हातात ठेवली, म्हटलं, घ्या, लोणचं घाला. एकच प्रत होती. दुसरी मी ठेवत नाही. माझं काम आजवर कधी उलटं फिरवावं लागलेलं नाही.

११ जून, मंगळवार

पहिली दोनशे पुसली. प्रोग्राम सुरळीत चालतोय.

घरी बायकोच्या आईचा फोन. त्यांना मी काय म्हणतो ते अगदी ओठांवर होतं, आलंच नाही. बायको म्हणाली, अहो, वय झालं तुमचं. असेल.

१४ जून, शुक्रवार

दोन्ही टाक्यांची नावं सकाळी बदलली.

संध्याकाळी टेबलाशी दोघी अभ्यासाला बसलेल्या. लहानीला हाक मारायला तोंड उघडलं आणि — काहीच नाही. शाळेच्या वहीवरचं नाव वाचून बोलावलं. ती म्हणाली, बाबा, परक्यासारखं काय बोलावता? नेहमीचं म्हणा ना. तिला आधी खेळ वाटला. मग रडायला लागली. बायकोने मला चारदा सांगितलं. तिचे ओठ हलतात, आणि नेमका तेवढाच आवाज गळतो.

या रोजनिशीचं पहिलं पान उघडलं. ‘—ची तीनचाकी’. आधीची जागा कोरी. खोडलेलं नाही. कागद स्वच्छ आहे.

१७ जून, सोमवार

उरलेलीही आज पुसली. साहेबांना तारीख दिली होती, आणि म्हाताऱ्याच्या शापाला भिऊन काम टाकणारा मी नव्हे.

तेव्हापासून घसा जळतोय. काहीतरी हवंय. खिडकीतून त्या दोन — मोठ्या गोल — दिसतात. आत काहीतरी काठोकाठ भरलेलं, उन्हात चकाकतं. तासभर बघत उभा होतो. ते कशासाठी असतं?

१९ जून, बुधवार

ओठ फुटलेत. बायको पेला तोंडाला लावते, मी तोंड फिरवतो. अनोळखी वस्तू तोंडात कशी घ्यायची?

झाडू थांबवायला गेलो. परवलीचा शब्द विचारतो. शब्द —

बाईंकडे गेलो. यादी मागितली. पाया पडलो. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी आधी पेला ठेवला समोर, आरपार दिसणारं काहीतरी. मग यादी काढली, आणि बोट ठेवून सावकाश वाचत गेल्या. प्रत्येक नाव. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. म्हणाल्या, तेव्हा मी विकत घेत होते, भाऊ. आता एकही विकायचं नाही.

दारात म्हणाल्या, एक तुम्ही मोजलंच नाही. सगळा प्रोग्राम ज्याच्यापासून सुरू होतो ते. एका अक्षराचं. ते मात्र स्पष्ट ऐकू आलं, कारण ते अजून पुसलेलं नाही:

मी.

२१ जून, शुक्रवार

बाराला सात मिनिटं. साहेब म्हणतात, ठरलंय तसं फिरू द्या. म्हणतात, किती नेटकं काम.

शब्द — ती लहान — तीन चाकं — तिला हाक मारली की ती पळत —

नाही.

चार मिनिटं. मी लिहितोय. मी. मी. मी टेबल केलं. मी वायरिंग केलं. मी —

बारा.

टेबल केलं. कुणी? समोर हात आहेत, दोन, लिहिताहेत — कुणाचे —

बाई बरोबर होत्या. चारशे सतरा नाही. अठरा. म्हणाल्या होत्या, नावं राहू द्या, भाऊ — नावामागे शंभर — पाकिटात एकेचाळीस हजार आठशे — आणि — — नाही म्हणा—