सुदामासाठी सुरक्षित झाडं

३ मार्च, ओंगार
सुदामाच्या (माझा कॉर्न स्नेक) काचेच्या पेटीत खरी झाडं लावणार. प्लॅस्टिकची बंद. केतकीवहिनीने हॉलमधल्या मनी प्लांटची फांदी देऊ केली. स्वतःहून! त्याच्या चिकाने तोंडाची आग होते, हे तिला माहीत असणारच. नकार दिला. ती म्हणाली, "राहिलं. पण एकदा जरी तो बाहेर दिसला ना भावोजी, तर ज्याने विकला त्या स्वोर्ड्स गावच्या माणसाकडे परत!" अट मान्य. बाहेर येणारच नाही.

५ मार्च
दादा म्हणाला, "अरे, साप उंदीर खातो, कोशिंबीर नाही." पण उंदराने आधी पान खाल्लं असेल तर? (उंदीर फ्रीझरमधला आहे. तरीही.)

८ मार्च
स्पायडर प्लांट आणि फर्न आणले. सापाला चालतील का विचारलं, तर दुकानातली बाई म्हणाली, "ग्रँड." इथली आयरिश माणसं पावसालाही ग्रँडच म्हणतात. औषध मारलेलं असणार. पान न् पान धुतलं. वहिनी म्हणाली, "मुंज कुणाची आहे?"

९ मार्च, संध्याकाळी
झाडं लावली. बुरशी नको म्हणून काच दोन बोटं उघडी ठेवली. कुणाचा हात आत जाणार नाही, इतकीच. माझा घालून पाहिला.

१२ मार्च
यश! झाडी इतकी छान, की सुदामा दिसतच नाही.

१४ मार्च
ओल लागू नये म्हणून वहिनीची पैठणी हॉट प्रेसमध्ये असते, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात. तिची घडी कुणीतरी विस्कटली. वहिनी मला बोलली. मी नाही. दादाही नाही म्हणतो. घरात कुणीतरी खोटं बोलतंय.

१५ मार्च
उंदीर तसाच पडून. विषबाधा? मनी प्लांटची एक फांदी कमी वाटते. वहिनीने गुपचूप आत लावली असणार. पेटीतलं सगळं उपसून पाहिलं. मनी प्लांट सापडला नाही. सुदामाही नाही.

१९ मार्च, पाडवा
वहिनी पैठणी काढायला गेली. किंचाळली नाही. दादाला हाक मारून म्हणाली, "अहो, पदरावर मोर होते ना? आता सापही आहे."

२१ मार्च
स्वोर्ड्सवाला सुदामाला घेऊन गेला. म्हणाला, त्याला ऊब हवी होती. त्याने माझे फर्न पाहिलेच नाहीत, त्याला काय कळणार. सुदामाने वळून पाहिलं नाही. सापांची मान तशी नसतेच.

२९ मार्च
पेटीत आता वहिनीचा मनी प्लांट आहे. नवं पान फुटलंय. काच पूर्ण लावली. पुन्हा जाऊन पाहिली.