दर तीन तासांनी

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळी साडेदहा

चि. सौ. बिट्टी हिस,

तुला आणि तुझ्या पोटातल्या बाळाला आशीर्वाद. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसताना काय लिहावे, हा पेच आपल्या भाषेनेच सोडवला आहे; ‘बाळ’ नपुंसकलिंगी आहे. मी बरा आहे. गुडघा बरा नाही. पण तो माझ्याइतकाच हट्टी असल्याने त्याची तक्रार मला शोभत नाही.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. आठव्या महिन्यातल्या बाईला तेवढी सूट द्यावी, असे तुझी आई म्हणाली असती, म्हणून दिली. तुझ्या गोळ्यांमुळे बाळाला अंगावर पाजता येणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याचे वाचले. खट्टू होऊ नकोस. तूही बाटलीवरच वाढलीस आणि तुझे कुठे काही अडले नाही.

तू दोन गोष्टी मागितल्या आहेस : बाटल्यांचे सामान आणि माझे ‘ते’ वेळापत्रक. सामान उद्या पार्सलने रवाना करतो. वेळापत्रकाविषयी खाली लिहितो.

खोक्यात सहा बाटल्या आहेत. सगळ्या रुंद तोंडाच्या घेतल्या, कारण अरुंद बाटलीच्या खांद्याशी दुधाचा पापुद्रा बसतो आणि ब्रश तिथे पोचत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे मुलांनी धुतलेल्या परीक्षानळ्या तपासल्या आहेत. तेव्हा काच स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांतला फरक मला कुणी सांगू नये. लांब ब्रश बाटल्यांना, लहान ब्रश निपलांना, उकळल्यावर उचलायला चिमटा. आपले जुने झाकणाचे पातेले घासून पाठवतो आहे. ते याच कामाला ठेव. जावईबापूंनी त्यात चहा करू नये. बारा लाळेरी वेगळ्या पुडक्यात आहेत. ती शेजारच्या टेलर मावशींनी शिवली.

पातेले घासताना बरेच काही आठवले. तू अकरा दिवसांची असताना तुझ्या आईला ताप चढला. तो महिनाभर हटेना आणि तिचे दूध आटले. मी रजा घेतली. डाव्या कोपरात तुझे डोके घ्यायचे, मनगटावर थेंब टाकून दुधाची ऊब पाहायची. आणि तू माझी करंगळी अशी घट्ट धरायचीस, जणू मी पळूनच जाणार होतो. दूध संपत आले की तुझ्या वरच्या ओठावर घाम यायचा. खोलीभर उकळत्या रबराचा वास असे. तो लोकांना आवडत नाही. मला अजून आवडतो.

वेळापत्रक मी त्याच दिवसांत आखले. दर तीन तासांनी मोजून दूध, सकाळ-दुपार वीस-वीस मिनिटे ऊन, रविवारी वजन. वजनाचा आलेख भिंतीवर होता आणि तो इतका देखणा चढत गेला, की पुढे चौतीस वर्षे घरी येईल त्याला मी त्याची हकिकत ऐकवली. तूही ती ऐकतच मोठी झालीस. मी सांगू लागलो की तुझी आई पाणी आणायला उठायची.

इथवर लिहून पेन खाली ठेवले होते. आता चहा घेऊन पुन्हा बसलो आहे.

तुझ्या तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार. दूध तीनला होते; तू सव्वादोनलाच रडू लागलीस. तुझी आई भिंत धरत धरत आली आणि म्हणाली, “अहो, द्या ना तिला. भूक लागलीये.”

मी म्हणालो, “अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत.”

ती तशीच भिंत धरत परत गेली. तू रडून रडून थकलीस आणि तीनला दहा मिनिटे असताना झोपलीस. मी वहीत लिहिले : ‘रडणे आपोआप थांबले. पद्धत योग्य.’ ती वही माझ्याजवळ आहे. अक्षर उत्तम आहे.

या गुरुवारी लाळेरी आणायला गेलो, तेव्हा मावशींना मोठ्या तोऱ्यात सांगितले, की लेकीने वेळापत्रक मागवले आहे. त्या हसू लागल्या. मग हसणे आवरून त्यांनी शिलाईचे यंत्र थांबवले.

“मास्तर, ते पाठवू नका,” त्या म्हणाल्या. “पोर तुमच्या वहीवर नाही वाढलं. माझ्या पायरीवर वाढलं.”

त्या दुपारनंतर तुझ्या आईने एक बाटली त्यांच्याकडे ठेवली होती. उन्हाच्या वेळी मावशी तुला न्यायला येत आणि पायरीवर बसून पोटभर पाजत. ताप उतरल्यावर तुझी आईच नेऊ लागली. मावशी अगदी ठरल्या मिनिटाला येतात, म्हणून मी त्यांच्या वक्तशीरपणाची तारीफही केली होती. तुझ्या आईने त्यांना शपथ घातली होती. ती जाऊन दोन वर्षे झाली, तरी मावशींनी शपथ पाळली. आता दुसऱ्या जिवाच्या पोटाचा प्रश्न आला, म्हणून मोडली.

म्हणजे तो आलेख माझा नव्हताच.

घरी येऊन मला रागवायचे होते. पण रागवायला समोर माणूस लागतो. बत्तीस वर्षांत तिने एकदा तरी सांगायला हवे होते, असे म्हणत दोन दिवस काढले. मग स्वतःला विचारले, की तिने सांगितले असते तर मी ऐकले असते काय? उत्तर मला येते.

म्हणून वेळापत्रक पाठवत नाही. किती पाजायचे ते डॉक्टरीणबाईंना विचार. केव्हा, ते बाळाला विचार. बोलावलेस तर मी येईन, बाटल्या धुईन, उकळीन. ते काम मला खरोखर येते. पाजण्याबाबत मात्र माझा सल्ला घेऊ नकोस. मी आपणहून द्यायला लागलो, तर तुझ्या आईला जे तोंडावर बोलता आले नाही ते तू बोल : “बाबा, गप्प बसा.” मला वाईट वाटेल. तरीही बोल.

तुला माझ्यापासून लपवून वाढवणाऱ्या बाईचा नवरा, आणि तुझा,

बाबा