तीन किलो मीठ

८ नोव्हें. १९९८, पेण
आठवड्याची सुट्टी. सकाळच्या एस.टी.ने घरी. ताई अंथरुणाला खिळली त्याला अकरा महिने झाले. मणक्यातली गाठ काढली, पण पाय गेले ते गेलेच. कमरेच्या वर सगळं ठीक आहे, असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.
आईने तिच्या पाठीला मिठाचा शेक दिला. पुरचुंडी धरून आईचे हात लाल झाले आणि ताई म्हणे, कोमट आहे. यावरून दोघींचं थोडं वाजलं.
ताईचा टाईपरायटर खाटेखाली, चादर घालून. कोर्टाजवळ दहा वर्षं त्याच्यावर अर्ज बडवले तिने. तिचे जुने वकीलसाहेब भेटले. म्हणाले, कॉम्प्युटरवर करून फ्लॉपी पाठवा, काम आजही देतो. पण ताईला बसता कुठे येतं? म्हणजे लॅपटॉपच. मांडीवरचा म्हणतात, तिच्या बाबतीत पोटावरचा.

१२ नोव्हें., रोहा
सकाळची पाळी. कंपनीत कॉम्प्युटर बघणारा देसाई, त्याला विचारलं. मेगाहर्ट्झ, रॅम, हार्ड डिस्क, अर्धा तास. मी विचारलं, वजन किती असतं? त्याला सांगता आलं नाही. नवा आपल्या आवाक्यात नाही, जुनाच बघ, म्हणाला. स्कूटरसाठी साठवलेले बावीस हजार आहेत. स्कूटर काय, राहिली.

१९ नोव्हें., रोहा
देसाई कोलाडला घेऊन गेला, त्याच्या ओळखीच्या रेल्वे इंजिनिअरकडे. आयुष्यात पहिल्यांदा लॅ. हातात घेतला. चांगला जड. तो म्हणाला, तीन किलोच्या आसपास असेल. महाग असतात ते हलके. मांडीवर ठेवून बसलो दहा मिनिटं. ऊबदार लागला. थंडीत बरं, म्हटलं.
तीन किलो. दिवसभर पोटावर.

२२ नोव्हें., पेण
आईने जुन्या लुगड्याची चपटी पिशवी शिवली, वहीएवढी. त्यात तीन किलो जाडं मीठ. आईचं माहेर मिठागरातलं, घरात काही नसलं तरी मीठ असतंच. ओलसर होतं म्हणून दोनदा तोललं.
ताईला डोळे मिटायला सांगितले, बघून घाबरेल म्हणून. पिशवी पोटावर ठेवली. ती तशीच पडून. मग म्हणाली, "ठेवलंस का?"
मी हसलो. आई पण हसली. ताईची थट्टेची सवय जुनी.
अर्धा तास ठेवली. जड नाय लागत, म्हणाली. फार बरं वाटलं. उगाच तीन रात्री झोप घालवली.

२६ डिसें., मुंबई–रोहा
दुकानात जुने लॅ. दोनच आवाक्याजवळचे. एक दोन किलोचा, अक्षरं बारीक, आणि तरीही बावीसच्या वर बराच. दुसरा सव्वातीन किलो, पडदा मोठा, बटणं मऊ, मराठी टाईपरायटरसारखीच चालतात. बॅटरी पाऊण तास. खिशातून स्प्रिंगचा काटा काढून दोन्ही तोलले. दुकानदार म्हणाला, साहेब, भाजी घेताय का?
जड घेतला. तीन किलोची परीक्षा झालीच आहे, पाव किलोने काय होतंय? पंधरा दिवसांत परत घेईन, असं त्याने पावतीवर लिहून दिलं.

२७ डिसें., पेण
उशा लावून ताईला टेकवलं, लॅ. पोटावर. बोटं ठेवली आणि थेट सुरू. काय टाईप केलं असेल? मे. दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात. सवयीने. मग स्वतःशीच हसली. तिला असं हसताना वर्षभर पाहिलं नव्हतं. आई दाराशी उभी राहून बघत होती, मध्येच आत गेली.

३ जाने. १९९९, पेण
आज लिहवत नाही. तरी.
आईने अंग पुसताना पाहिलं. बेंबीच्या वर तळहाताएवढा भाजल्याचा डाग, मध्ये फोड. लॅ. खालून तापतो. आठवडाभर रोज चार-पाच तास. ताईला पत्ताच नव्हता.
मग सगळं एकदम डोक्यात आलं. शेक, कोमट. ठेवलंस का. ती थट्टा नव्हतीच. मी वजन तोलत बसलो, पिशवी दोनदा तोलली, आणि तिला पिशवी ठेवलेली कळली नाही हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. इतका मूर्ख माणूस रोह्यात दुसरा नसेल.
आई बाहेर गेल्यावर विचारलं, तुला माहीत होतं?
"दिवाळीपासून," म्हणाली. "सांगितलं असतं तर तू हे आणलं असतंस? पैसे गेले असते हॉस्पिटलात. एकदा घालून बघितले ना."
राग आला, खूप राग आला. तिचाच.

५ जाने., पेण
रजा टाकली. डॉक्टर घरी आले. गाठ परत वाढली असावी, मुंबईला दाखवा, उशीर करू नका. ऑपरेशन केलं तर थांबेल का? सांगता येत नाही. नाही केलं तर बधिरपणा वर चढेल. हातांपर्यंत? तेही सांगता येत नाही.
ताईने मध्ये पाट मागितला. लॅ.खाली पाट घालून वकीलसाहेबांचे दोन अर्ज पूर्ण केले. मी फ्लॉपी देऊन आलो. वकीलसाहेब म्हणाले, एक चूक नाही.

८ जाने., पेण
उद्या सकाळी मुंबई, भाड्याच्या गाडीने. लॅ. परत करायची मुदतही उद्यापुरतीच. पैसे आले तर हॉस्पिटलात भरायला होतील. ताई म्हणते, "मला ने, पण हे परत देऊ नको. हात हायत तोवर माझं हाय ते." आई भाकऱ्या बांधतेय.
संध्याकाळी ताईने ती पिशवी मागितली. डोळे मिटले. मी बेंबीपासून थोडी थोडी वर सरकवत गेलो, विचारत गेलो. नाय. नाय. नाय. बरगड्यांपाशी आल्यावर म्हणाली, "हां, इथं."
मग डोळे न उघडताच दोन्ही हात पुढे केले. आता हातांवर ठेव, म्हणाली. ठेवली.
"जड हाय रे," म्हणाली.
पिशवी तिने खाली ठेवू दिली नाही.
गाडी सहाला येईल. कपडे, रिपोर्ट, पाण्याची बाटली भरली. लॅ. अजून पाटावरच आहे. पावती माझ्या खिशात.