सिमेंट ओतण्याआधी देवीला लोणी

माधवनगर,
कार्तिक वद्य पंचमी, १९७४

तीर्थरूप बनुआक्कास, धाकट्या जोतीरामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इथं सगळं ठीक आहे. सूनबाईला आठवा सरत आला, जेवते-खाते. पोर आडवं आहे एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मागची दोन गेली, म्हणून ती फारशी बोलत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

गावाकडच्या ओढ्याकाठची आपली शिर नसलेली, मांड्या फाकून बाळंत होणारी देवी मंडळाची पोरं सिमेंटनं बुजवणार असं कळलं. लाज वाटते म्हणे. एके काळी तिच्यापुढं राजेसुद्धा मूल मागायला वाकत असतील. शाळेच्या कवितांतली आई नुसती डोळे पुसते. ही मात्र जग जन्माला घालत पडली आहे.

सूनबाई काल म्हणाली, "मामंजी, आत्याबाईंस्नी लिवा. बुजवायच्या आदी माझ्या नावानं तिला लोणी लावा म्हनावं."

तेवढं कर. पोरं अडवतील, पण तुला भितात.

कुणी बाळंतपणात अडली की आई तिला लोणी लावायची, तेव्हा आम्ही भाऊ पाठ फिरवून बसायचो. मी येऊ शकलो असतो तर देवीकडं तोंड करून बसलो असतो. पोर राहो न राहो, पोरीला राख, एवढं मागितलं असतं. आता तू माग. सूनबाईला कळवू नकोस.

तुझा
जोतीराम